दोरीखालची खुर्ची

प्रिय अकाता,

समुद्राच्या भिंतीवर बसून आपण दोघी हाताला लिंबं चोळत होतो, ती संध्याकाळ तुला आठवते का? तू अठराची, मी वीसची. कारखान्यात लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. दिवसभर उकडलेल्या ट्यूना माशांची कातडी काढून हातांना असा वास बसला होता, की आदल्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईनं आपली टोपली उचलून पुढच्या बाकावर नेली होती. तू तिला ऐकू जाईल असं म्हणालीस, "पेता, काळजी करू नकोस गं. स्वर्गाच्या दारात संत पीटर उभा असतो. तो मूळचा कोळीच. त्याला हा वास माहेरचा वाटेल." ती बाईसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी तू घरामागच्या झाडाची लिंबं कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या ओच्यात भरून आणलीस. आपण ती चोळली, सालं पाण्यात फेकली आणि घरी गेलो. बाकी काही घडलं नाही. इतकं काहीच न घडलेली संध्याकाळ मला हल्ली वारंवार का आठवते, याचा मी बराच विचार केला. त्या दिवशी माझ्या शेजारी कुणीतरी बसलं होतं, एवढंच उत्तर सापडतं.

बावीस वर्षांनी लिहिते आहे. पत्ता तुझ्या भावाकडून, अमिनियासीकडून घेतला. तू ब्रिस्बेनला म्हाताऱ्या माणसांच्या घरात कामाला आहेस, तिथल्या आज्या तुला सोडत नाहीत, असं तो कौतुकानं सांगत होता. त्याचा गुडघा आता फार दुखतो, चर्चच्या पायऱ्या चढताना दर पायरीला तो देवाशी भांडतो. वादळात चर्चचं छप्पर उडालं होतं ते नवं बसवलं, पण नव्या पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की फादरचं प्रवचन ऐकू येत नाही, आणि लोक म्हणतात की देवाची दया अशीही असते. मी टेकडीवरच्या कंपनीच्या घरात एकटीच आहे. महिनाअखेरीला हे घर सोडायचं, कारण त्याच दिवशी मी निवृत्त होणार. बेचाळीस वर्षं झाली.

रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसते. त्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची जागा मोकळी असते. कुणी रागावून असं करत नाही, उलट मान देतात. मुली वाकून जातात, आईला म्हणावं तसं "बसा नाऊ, ऐसपैस बसा," म्हणतात आणि मागच्या बाकावर दाटीवाटीनं कोंबून घेतात. तिथून कुजबुज आणि दाबलेलं हसू येतं. मी मान वळवली की ते थांबतं. म्हणून मी वळवत नाही.

नाऊ लोसाची खूप आठवण येते. साऱ्या कारखान्याची ती आई होती, तिला नाऊ म्हणताना कुणाला विचार करावा लागला नाही. सकाळी मासे वाहणारा पट्टा सुरू होण्याआधी प्रार्थना, आणि प्रार्थना संपली की कमरेवर हात ठेवून ती आधी स्वतःची चूक सांगायची. "बायांनो, काल मी जाळीची टोपी न घालता अर्धा तास हिंडले. कुणाच्या डब्यात पांढरा केस निघाला तर तो माझा. देव मला क्षमा करो, आणि खाणाऱ्यालाही. हं, आता कोण?" आणि तुझा हात वर. तुझ्या चुका कधी संपायच्याच नाहीत. सुरी बोथट झाली ती सांगितली नाही, काटे काढताना गाणं म्हणत होते म्हणून दोन राहिले, केलेराच्या गमबुटात खेकडा मी सोडला. सगळा हॉल खिदळायचा, पण त्या खिदळण्यातच कुठली सुरी बोथट आहे, कुठल्या माशाला वास येतोय, कुणाला दिवस गेलेत आणि उभं राहवत नाही, हे सगळं नाऊला सात वाजायच्या आत कळलेलं असायचं.

आणि ती दोरी. पट्ट्याच्या वरून उंचावरून गेलेली, टोकाला खाली लोंबणारी लाकडी मूठ, ओढली की पट्टा थांबायचा. नाऊच्या वेळी दिवसातून पाच-सहादा थांबायचा. कुणाचा हातमोजा फाटला, कुणाची सुरी पडली, एकदा तर तू शिंक आली म्हणून ओढलीस. साहेब काचेच्या खोलीतून धावत यायचा आणि नाऊ त्याला सांगायची, "थांबला तर थांबला साहेब. मासा मेलेलाच आहे, पळून कुठं जातोय?"

ती गेल्यावर हॉलची मुख्य म्हणून मिस्टर ऑर्मंडनी मला का निवडलं, हे तुला माहीत आहे. माझं इंग्रजी आणि माझं अक्षर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली त्या हॉलमध्ये मी एकटी होते. ऑर्मंड ऑकलंडहून नवेच आलेले. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता, पट्टा दिवसातून किती वेळा थांबतो त्याच्या लाल रेघांचा. त्यांनी मला विचारलं, "हे कमी करता येईल का?" मी म्हटलं, "माझ्यावर सोपवा."

मला तेव्हा मोठेपणाचा एकच नमुना ठाऊक होता, तो नाऊ लोसाचा नव्हता. तो आमच्या सिस्टर एमेरेन्शियाचा होता. तिच्या खोलीत कुणी गेलं की ती मान वर करायची नाही. एक बोट उचलायची, म्हणजे थांब. हातातली ओळ पूर्ण व्हायची, टिपकागद दाबला जायचा, मग ती बघायची. आम्ही मुली श्वास धरून उभ्या. दहा वर्षांची असताना मी ठरवलं होतं, की मोठी झाल्यावर माझ्यासमोरही कुणीतरी असं थांबेल. वाईट वाटून घेऊ नकोस, सिस्टर चांगलीच होती. ताप आला तेव्हा रात्रभर माझ्या उशाशी बसली होती. पण मी तिचं ते बसणं उचललं नाही, बोट तेवढं उचललं.

माझ्या पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसले आणि तू भर हॉलमध्ये ओरडलीस, "बघा गं, आमची पेता सिंहासनावर! माशांनो, रांगेत या, राणीसाहेबांना मुजरा करा!" आपण मामे-आते बहिणी. एकमेकींची टिंगल करायचा आपल्याला जन्मजात हक्क, तो बजावला नाही तर लोक विचारतात की भांडलात की काय. सगळ्याजणी हसल्या. मीही हसायला हवं होतं, आणि उलट म्हणायला हवं होतं की राणीच्या स्वयंपाकघरात तुझ्यासारखीला भांडी घासायलाही ठेवणार नाहीत. त्याऐवजी मी इंग्रजीत म्हटलं, "अकाता, कामाला लाग." इंग्रजीत, अकाता. तुझ्याशी. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हो, नाऊ." त्यानंतर तू मला पेता कधीच म्हणाली नाहीस. त्या घटकेपर्यंत मला कुणी नाऊ म्हटलं नव्हतं, आणि सर्वांत आधी तू म्हणालीस.

सकाळच्या चुका सांगणं मी बंद केलं नाही. फक्त आधी स्वतःची सांगणं सोडलं. मी नुसतं विचारायचे, "कुणाला काही सांगायचंय?" आठ दिवसांत कुणालाच काही सांगायचं उरलं नाही. ऑर्मंड पाहुण्यांना दारात उभं करून म्हणायचे, "ऐका, काहीच ऐकू येत नाही!" आणि पाहुणे माझ्याकडे आदरानं बघायचे. मला ते आवडायचं. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

दोरीबद्दल मी कधीही कुणाला काही बोलले नाही. 'दोरी ओढू नका' असा शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही. पुढे झालेल्या चौकशीत मी हेच सांगितलं, आणि ते खरं होतं. मी फक्त सुताराला बोलावून माझं टेबल दारापासून हलवून पट्ट्याच्या टोकाला घेतलं. उजेड चांगला येतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. मूठ बरोबर माझ्या खुर्चीच्या वर, माझ्या डोक्याच्या वीतभर वर लोंबत होती. बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्यावरून हात नेणं म्हणजे केवढा अपमान, हे ऑर्मंडना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं शिस्त आली. आपल्यात दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. खाली बसायचं, हातांची ओंजळ करून टाळी द्यायची, 'तुलोऊ', म्हणजे माफ करा, असं म्हणायचं आणि समोरच्यानं होकार देईपर्यंत थांबायचं. मग हात न्यायचा. महिन्याभरात तक्त्यावरच्या लाल रेघा संपल्या. ऑर्मंडनी मला सगळ्यांसमोर फुलांचा हार घातला. तू टाळ्या वाजवल्यास, पण माझ्याकडे बघत नव्हतीस, मुठीकडे बघत होतीस. तुला कळलं होतं ना? तुला सगळं आधी कळायचं.

उजेडाची गोष्ट खोटी होती. त्या टोकाला खिडकीच नाही.

मग तो गुरुवार. वासिती तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न होऊन तीन महिने झालेले. तिच्या हातमोज्याची कड पट्ट्याच्या शेवटच्या रुळात सापडली. आधी ती ओशाळून हसली, हात ओढायला लागली. शेजारी तू होतीस. तुझ्यापासून मूठ तीन पावलांवर. तू ती तीन पावलं धावत आलीस. आणि माझ्या खुर्चीशी येऊन खाली बसलीस, टाळी दिलीस आणि 'तुलोऊ' म्हणालीस. मी वजनाच्या वहीत आकडा लिहीत होते.

चौकशीत मी सांगितलं की मी काही ऐकलं नाही, यंत्रांचा आवाज होता. अकाता, मी ऐकलं होतं. टाळीही ऐकली, तुझा आवाजही ओळखला. त्यात घाई होती हेही कळलं. मी मान वर न करता पेन उचललं. थांब. एक आकडा राहिला होता. 'आमेन' म्हणायला लागतो तेवढा वेळ असेल, जास्त नाही. मग वासितीची किंकाळी आली, आणि तू उठून माझ्या डोक्यावरून हात नेऊन दोरी ओढलीस. तुझी बाही माझ्या केसांना लागली. वासितीची दोन बोटं गेली, उजव्या हाताची.

ऑर्मंडनी विचारलं, दोरीच्या सर्वांत जवळ कोण होतं? तू म्हणालीस, "मी." मग ओढायला उशीर का केला? तू जमिनीकडे बघत राहिलीस. परक्या साहेबासमोर, स्वतःच्या मामेबहिणीवर बोट कसं ठेवायचं? तुझ्या जागी आपल्यातली कुणीही गप्प बसली असती. मला ते ठाऊक होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. मी म्हणाले, "तिचा धीर सुटला. ती गोठून गेली." साहेबांनी ते लिहून घेतलं. त्या महिन्याअखेर तू राजधानीला, सुवाला जाणाऱ्या बोटीत बसलीस. मी धक्क्यावर आले होते, तुला माहीत नसेल. खोबऱ्याच्या गोदामामागे उभी होते. बोट बाहेरच्या खडकांपलीकडे जाईपर्यंत उभी होते, बाहेर मात्र आले नाही.

त्याहून वाईट गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. नव्या बायकांना शिकवायची एक पुस्तिका आहे. ऑर्मंडनी ती माझ्याकडून लिहून घेतली, माझ्या सुंदर अक्षरात. चौथ्या पानावर तुझी गोष्ट आहे. नावासकट. पट्ट्यावर धीर सुटला की काय होतं, ते नवीन येणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवतात. बावीस वर्षं दाखवत आहेत. आता तर कुणी क्षणभर रेंगाळलं, की हॉलमध्ये म्हणतात, "ए, अकाता होऊ नकोस." चहा ओतायला उशीर झाला तरी म्हणतात. ज्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही अशा मुली म्हणतात. मी दर वेळी ऐकते आणि वहीत आकडा लिहीत राहते.

आमच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे डबे भरायचा हॉल आहे. तिथं तोरिका मुख्य आहे. नाऊ लोसाच्या हाताखाली तयार झालेली ती शेवटची. तीच यंत्रं, तीच कंपनी, त्याच गावांतल्या बायका. पण तिथून दिवसभर आवाज येतो. भांडतात, हसतात, पट्टा थांबवतात, "तोरिका, तुझ्या डोळ्यांवर झापड आलीय का गं, हा डबा वाकडाय!" असं तिला तोंडावर म्हणतात. आणि चार वर्षांमागे खराब माल जहाजावर चढणार होता, तो त्यांनी अडवला. त्यांच्यातली नवीनच लागलेली एक बाई म्हणाली की वास बरोबर नाही. तोच मासा आधी आमच्याकडे साफ झाला होता. साठ बायकांच्या हातांखालून गेला. मी नंतर एकेकीला विचारलं. सगळ्यांना वास आला होता. "मग बोलली का नाहीस?" तर म्हणे, "नाऊ, तुम्ही लिहीत होता."

चहाच्या सुट्टीत मी कधीकधी त्या पत्र्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहायचे. काहीतरी तपासते आहे असं दाखवायचे. माझा चहा मुली दोन्ही हातांनी आणून देतात, नारळाच्या दुधातला पाव बशीत झाकून देतात, वाकतात आणि निघून जातात. बावीस वर्षांत माझा चहा कधी थंड आला नाही, आणि कुणासोबत प्यायला मिळाला नाही. केलेरा आता माझ्या जागी येणार. तुझी गमबुटातल्या खेकड्याची केलेरा. मागच्या महिन्यात मी दोन दिवस आजारी होते, तेव्हा ती माझ्या टेबलाशी बसली. तिसऱ्या दिवशी मी आले तर एक मुलगी तिच्यासमोर ओणवी बसली होती, आणि केलेरानं मान वर न करता पेन उचललं होतं. मी तिला हे कधी शिकवलं नाही गं. तिनं नुसतं पाहिलं.

आता नवी बातमी. तुझ्या अमिनियासीची नात आमच्याकडे लागली. चोवीस वर्षांची, पदरी एक मुलगी, नवरा बोटीवर. तिचं नाव तुझ्यावरून ठेवलेलं, हे तुला ठाऊक आहेच. पहिल्या दिवशी केलेरानं चौथं पान वाचलं, आणि कुणीतरी खिदळलं, "अगं, हिचं नावच अकाता! ए, नावाला जागू नकोस हं!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. सुट्टी झाल्यावर माझ्याकडे आली, खाली बसली, टाळी दिली. माझं पेन आपोआप वर गेलं, अकाता. ते हवेत असताना मी ते पाहिलं. मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. तिचं कपाळ तुझं आहे. ती म्हणाली, "नाऊ, त्या पुस्तिकेतली अकाता म्हणजे आमची आजी ना? घरी तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मग खरं कुणाचं?" मी म्हणाले, "उद्या सांगते." आजवर कुणी मला असा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

मी आधी वासितीकडे गेले. ती अपघातानंतर माझ्याच टेबलाशी आहे, वजनं लिहिते, डाव्या हातानं शिकली. मी तिला सगळं सांगितलं, पेन उचलल्याचंही. ती म्हणाली, "नाऊ, मी बघत होते ना. माझा हात अडकला होता, डोळे नव्हते अडकले. मला माहीत होतं. त्या दिवशी हॉलमध्ये होत्या त्या सगळ्यांना माहीत होतं." मी विचारलं, मग बावीस वर्षं कुणी बोललं कसं नाही? ती इतक्या हळुवारपणे म्हणाली, की ओरडली असती तर बरं झालं असतं: "तुम्हाला कोण सांगणार?"

बघ, मी समजत होते की एक गुपित माझ्या पोटात आहे आणि मी एकटी ते वाहते आहे. ते कुणापासूनही लपलेलं नव्हतं. त्या दिवशी पत्र्याखाली उभ्या असलेल्या सगळ्या बायका ते जाणून होत्या, आणि रोज सकाळी माझा चहा दोन्ही हातांनी आणत होत्या.

काल शुक्रवारी, पट्टा सुरू होण्याआधी, मी हॉलमध्ये बोलले. नाऊ लोसासारखी कमरेवर हात ठेवून नाही, तेवढा धीर झाला नाही. टेबल उजेडासाठी हलवलं नव्हतं, हे सांगितलं. टाळी ऐकली होती, हे सांगितलं. अकाता गोठली नव्हती, ती माझ्यासाठी थांबली होती, कारण मी सगळ्यांना थांबायला शिकवलं होतं, हेही सांगितलं. नंतर विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? कुणी काही म्हणालं नाही. साठ जणी खाली बघत होत्या. मग त्यांनी माझ्या वयाला आणि मानाला शोभेल अशी तीनदा टाळी दिली, आणि पट्टा सुरू झाला. मला शिव्या हव्या होत्या. कुणीतरी 'बाई, लाज नाही वाटत?' म्हणायला हवं होतं. गोदामामागे उभी होते तेव्हासुद्धा मी इतकी एकटी नव्हते. दुपारी वासिती तिचा पाव घेऊन आली आणि माझ्याच बाकावर बसून खाल्ला. जाताना म्हणाली, "टेबल सोमवारी हलवूया का?" आम्ही दोघी मिळून हलवणार आहोत.

हे पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगते. मंगळवारी माझा भाऊ तांबुआ घेऊन अमिनियासीच्या दारी बसणार होता, माझ्यातर्फे माफी मागायला. देवमाशाचा तो दात आमच्या वडिलांच्या पेटीतला आहे, त्याला ओवलेली दोरीही त्यांनीच वळलेली. पण अमिनियासीनं तो हातात घेतला की काय होतं, तुला माहीत आहे. गोष्ट पुरली जाते, पुन्हा कुणी तिचा उच्चार करायचा नसतो. आपल्या लोकांचं हे मोठं शहाणपण आहे, आणि मला भीती वाटते की मी त्याच्याही आड लपेन. पुन्हा सगळं गप्प होईल आणि पुन्हा त्याला सगळे मान म्हणतील. म्हणून भावाला थांबवलं आहे. या वेळी तुला आधी विचारते. तू 'नको' म्हणालीस तर दात वडिलांच्या पेटीत परत जाईल, भावानं कुणासमोर बसायचं नाही आणि अमिनियासीला भीड घालायची नाही. 'हो' म्हणालीस तर तो अमिनियासीच्या हाती जाईल, पण गोष्ट पुरायची नाही, ही माझी एक अट त्यानं आधी मान्य करावी. चौथं पान मी नव्यानं लिहिलं आहे. एक प्रत केलेराला, तिनं ती दर नव्या बाईला वाचावी, दुसरी ऑकलंडला ऑर्मंडना, ते अजून आहेत म्हणतात. माझी लोकरीच्या झालरीची मोठी चटई वासितीला. शिवणयंत्र तुझ्या नातीला, पायडल जरा करकरतं, तेल घालायला सांग. कंपनी निरोपाला घड्याळ देणार आहे, ते तोरिकाच्या हॉलला. भांडी भाऊ घेईल. आणि तुझं उत्तर, ते कसंही असो, मला पाठवू नकोस. तुझ्या नातीच्या नावे पाठव. पट्टा सुरू होण्याआधी तिनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं, शिव्यांसकट. मी बाकीच्या बायकांमध्ये उभी राहून ऐकेन.

तू हाक मारायचं सोडलंस तरीही तुझीच,
पेता